देवालयावरील सरकारी डोळा
(हैदराबाद येथे भरलेल्या महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या कृपेने आज आपण सर्व येथे, आपल्या मूळ स्थानापासून शेकडो मैल दूर असलेल्या या भाग्यनगरीत, एकत्र जमलो आहोत. मजसारख्या सामान्य सेवानिवृत्त कारकुनास या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा मी माझा सन्मान समजतो. मी विद्वान नव्हे, कीर्तनकार नव्हे, वकीलही नव्हे. आयुष्यभर आवक-जावक नोंदी ठेवल्या, टिपणे लिहिली आणि वरिष्ठांच्या सहीची वाट पाहिली. म्हणून ज्या विषयाची मला थोडीबहुत ओळख आहे, तोच विषय मी निवडला आहे. तो म्हणजे देखरेख. धर्मसंस्थेवर राज्यसत्तेने ठेवलेली देखरेख कशी सुरू होते, कशी वाढते आणि तिच्यापुढे आपल्यासारख्या महाजनांनी कसे वागावे, याविषयी मी आज बोलणार आहे.

प्रथम एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. आपल्या देवस्थान समितीत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्याबरोबर 'मुखत्यार' असतो. आपल्या वाडवडिलांच्या काळच्या पोर्तुगीज कागदांत याच अधिकाऱ्यास 'प्रोकुरादोर' म्हटलेले आढळते. हा शब्द मूळचा लॅटिन. दुसऱ्याच्या वतीने त्याचे काम पाहणारा, असा त्याचा अर्थ. आमच्या लिसेवात यूरोपचा इतिहास शिकताना हाच शब्द रशियाच्या प्रकरणात भेटला आणि तेव्हा मोठे आश्चर्य वाटले. आपला मुखत्यार देवस्थानच्या वतीने सरकारपुढे उभा राहतो. रशियाचा मुखत्यार मात्र सरकारच्या वतीने धर्मसंस्थेच्या छातीवर बसलेला होता. शब्द एक, परंतु तोंड उलट दिशेला! या एका फरकात माझ्या आजच्या भाषणाचे सारे सार आले आहे.

रशियाचा तो वृत्तांत संक्षेपाने सांगतो. तेथील ख्रिस्ती धर्मपीठाचा प्रमुख 'पॅट्रिआर्क' म्हणजे महाधर्माध्यक्ष असे. इ. स. १७०० मध्ये महाधर्माध्यक्ष आद्रियान निवर्तले. त्या वेळी गादीवर असलेल्या पीटर बादशहाने नवी निवड होऊ दिली नाही. गादी मोडली असे तो म्हणाला नाही, ती भरलीच नाही. एकवीस वर्षे तात्पुरती व्यवस्था चालली. मग १७२१ साली 'पवित्र सिनोड' नावाचे धर्माधिकाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले आणि त्यासाठी एक विस्तृत नियमावली लिहिली गेली. त्याआधी १७११ साली राज्यकारभारासाठी सिनेट निर्माण झाली होती. म्हणजे राज्यासाठी एक मंडळ व धर्मासाठी दुसरे मंडळ, अशी समतोल रचना कागदावर तयार झाली.

परंतु मंडळे नेमली की त्यांच्यावर विश्वास कोणी ठेवावा, हा प्रश्न उभा राहिला. १७२२ साली सिनेटवर एक महा-प्रोकुरोर नेमला गेला. पावेल यागुझिन्स्की हे त्याचे नाव. तो एका ऑर्गनवादकाचा मुलगा होता. बादशहाने आपल्या आज्ञापत्रात त्याला आपला डोळा म्हटले. त्याच वर्षी सिनोडवरही ओबर-प्रोकुरोर नावाचा अधिकारी आला. त्या जागी सैन्यातील एखादा धाडसी अधिकारी शोधावा अशी आज्ञा होती. त्याप्रमाणे इवान बोल्तिन या कर्नलची नेमणूक झाली. धर्माधिकाऱ्यांच्या बैठकीत बसणारा पहिला सरकारी अंमलदार हा असा फौजी मनुष्य होता. त्याला मत नव्हते. त्याने फक्त पाहायचे, नियम पाळले जातात की नाही हे तपासायचे, आणि न पाळल्यास वर कळवायचे.

या डोळ्यांचा उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही. लाचलुचपत फार माजली होती. यागुझिन्स्कीविषयी अशी आख्यायिका सांगतात की, दोरखंडाच्या किमतीइतकी जरी सरकारी रक्कम कोणी चोरली तरी त्याला फाशी द्यावी, असा हुकूम बादशहा लिहवू लागला. तेव्हा यागुझिन्स्कीने विनविले की, महाराजांना एकही प्रजाजन उरू द्यायचा नाही काय? आम्ही सारेच चोरतो, कोणी कमी, कोणी अधिक. यापूर्वी याच कामासाठी 'फिस्काल' नावाचे हेर नेमले होते. त्यांचा प्रमुख नेस्तेरोव याने सैबेरियाच्या सुभेदाराची लाचखोरी उघड केली व तो सुभेदार १७२१ मध्ये फासावर गेला. पुढच्याच वर्षी तो नेस्तेरोवही लाच घेताना सापडला आणि त्यालाही देहान्त शासन झाले. पाहाऱ्यावर पाहारा कोणाचा, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

आता पुढची पायरी पाहा. मत नसलेल्या ओबर-प्रोकुरोरच्या हाती कालांतराने कचेरी आली. कचेरी आली की टपाल तिच्याकडे येते, टपाल आले की विषयपत्रिका तीच ठरविते, आणि विषयपत्रिका ज्याची, त्याची सभा. हे मी कारकुनाच्या अनुभवाने सांगतो. १७६४ साली कॅथरिन राणीने मठांच्या जमिनी व त्यांवरील नऊ लाखांहून अधिक पुरुष कुळे सरकारजमा केली. कित्येक मठ बंद पडले. १८३६ पासून १८५५ पर्यंत प्रोतासोव नावाचा घोडदळाचा अधिकारी ओबर-प्रोकुरोर होता. त्याच्या काळी ही कचेरी एखाद्या मंत्रालयासारखी झाली. १८८० ते १९०५ अशी पंचवीस वर्षे पोबेदोनोस्तसेव नावाचा कायदेपंडित त्या पदावर होता. दोन झारांचा तो शिक्षक. त्याच्या काळात धर्माधिकाऱ्यांच्या नेमणुका व बदल्या त्याच्या मर्जीवाचून होत नसत. पाहण्यासाठी आलेला डोळा दीडशे वर्षांत हात झाला.

आणि याचा परिणाम काय? १९१७ साली राजसत्ता कोसळली, तेव्हा धर्मसंस्थेने पुन्हा आपला महाधर्माध्यक्ष निवडला. तिखोन हे त्यांचे नाव. परंतु दोनशे वर्षे दुसऱ्याच्या तंत्राने चाललेली संस्था वादळाला तोंड देण्यास उभी राहिली, तेव्हा लोकांच्या मनात ती सरकारचेच एक खाते होऊन बसली होती. राजाबरोबर तिच्यावरही रोष उसळला. पुढे सोव्हिएट सरकारने धर्म व राज्य यांची फारकत जाहीर केली खरी, पण १९४३ मध्ये त्याच सरकारने धर्मसंस्थेवर लक्ष ठेवण्यासाठी एक स्वतंत्र परिषद नेमली. डोळा गेला नाही, त्याने वेष बदलला.

बंधु-भगिनींनो, हे रशियाचे पुराण आपल्याला कशासाठी, असे कोणी म्हणेल. तर मग ज्या नगरात आपण राहतो, त्याच नगराकडे पाहू.

निजाम सरकारच्या अमदानीत येथे 'उमूर-ए-मजहबी' नावाचे खाते होते. म्हणजे धर्मविषयक व्यवहारांचे खाते. मशिदी, दर्गे, देवळे, मठ, सर्वांचा संबंध या खात्याशी येई. सद्र-उस-सुदूर हे तेथील एक थोर पद. उर्दू व फारसीचे प्रसिद्ध पंडित हबीबुर्रहमान खान शेरवानी यांनी ते पद भूषविले होते. या राज्याकडून कित्येक देवळांना इनामे व वर्षासने चालत, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. भद्राचलमची कथा तर आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. कुतुबशाहीतील तहसीलदार कंचर्ल गोपन्ना यांनी सरकारी वसुलातून रामाचे देऊळ बांधले म्हणून तानाशहाने त्यांना गोवळकोंड्याच्या तुरुंगात टाकले. तेच भक्त रामदासु. आणि त्याच रामाच्या कल्याणोत्सवाला अक्षतांबरोबर सरकारातून मोती पाठविण्याची चाल पुढे पडली. एकाच सत्तेचा एक हात बेडी घालतो, दुसरा हात मोती वाहतो.

परंतु दान देणारा हिशेब विचारतो, आणि हिशेब विचारणारा हळूहळू परवानगी देणाराही होतो. नवे देऊळ बांधणे, जुने दुरुस्त करणे, या गोष्टींना खात्याची परवानगी आवश्यक झाली. सार्वजनिक सभांवर 'गश्ती निशान ५३' या परिपत्रकाचे बंधन होते. या परवान्यांविषयीची तक्रार १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागील प्रमुख कारणांपैकी एक होती. त्या सत्याग्रहाची परिषद १९३८ च्या डिसेंबरात सोलापूर येथे लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. १९३९ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रह मागे घेण्यात आला. त्याच सुमारास १३४९ फसली सालचे, म्हणजे इ. स. १९३९-४० चे, धर्मादाय नियम हैदराबाद संस्थानात लागू झाले व धर्मादाय संस्थांची नोंद सरकारी दप्तरात होऊ लागली. त्या नोंदींचे उतारे आजही न्यायालयांत पुराव्यादाखल येतात. मराठवाड्यातील आपल्या आई तुळजाभवानीचे देवस्थानही त्या काळी निजामी 'देऊळ कवायत' नियमांखाली होते.

आणि मौज पाहा. देवळांवर देखरेख ठेवणाऱ्या या सरकारवर स्वतःलाही देखरेख सोसावी लागत होती. कोठीतील त्या भव्य इमारतीत इंग्रजांचा रेसिडेंट बसत असे. त्यालाही दरबारात मत नव्हते. तो केवळ सल्ला देई. पण १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी निजामास जे पत्र पाठविले, त्यात सार्वभौमत्व कोणाचे हे इतके स्पष्ट लिहिले होते की, त्यानंतर 'सल्ला' या शब्दाचा अर्थ कोणाला विचारण्याची गरज उरली नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. स्वराज्यात डोळा मिटला काय? नाही. आणि मिटावा असेही मला वाटत नाही. घटनेच्या सव्विसाव्या कलमाने प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार स्वतः पाहण्याचा आणि आपल्या मालमत्तेचा कारभार कायद्यानुसार चालविण्याचा हक्क दिला. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा आखून दिली. पूजाविधी कसा करावा हा संप्रदायाचा प्रश्न. मालमत्तेच्या कारभाराचे नियमन सरकार करू शकते, परंतु तो कारभार संप्रदायाकडून सर्वस्वी काढून घेऊन दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही. १९५७ चा मुल्कीच्या वेंकटरमण देवालयाचा निकाल तर आपण सारस्वतांनी विशेष लक्षात ठेवावा. ते देवालय गौड सारस्वत समाजाचे आहे हे न्यायालयाने मान्य केले. काही विशिष्ट विधी समाजापुरते राखण्याची मुभाही दिली. पण देवळाचे दार मात्र सर्व हिंदूंना उघडे राहिले पाहिजे, असे निक्षून सांगितले. माझ्या मते हा निकाल म्हणजे महाजनकीची उत्तम व्याख्या आहे. महाजनकी ही सेवा आहे, मालकी नव्हे.

आपल्या या राज्यात पूर्वी १९६६ चा धर्मादाय कायदा होता. न्यायमूर्ती चल्ला कोंडय्या आयोगाच्या शिफारशींनंतर १९८७ मध्ये नवा कायदा झाला. त्याने वंशपरंपरागत विश्वस्तपद रद्द केले आणि अर्चकांचा वंशपरंपरागत हक्कही काढून घेतला. हैदराबादच्या एका प्रसिद्ध व्यापारी घराण्याने, पन्नालाल बन्सीलाल पित्ती यांनी, याविरुद्ध दाद मागितली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा मूलतः कायम ठेवला, तरी देवालय स्थापन करणाऱ्याच्या कुटुंबातील पात्र व्यक्तीला मंडळात स्थान मिळावे असा अर्थ लावून कायद्याची धार सौम्य केली. २०१४ मध्ये तेलंगण राज्य वेगळे झाले, तेव्हा तोच कायदा इकडे चालू राहिला. येथे देवळात कार्यकारी अधिकारी नेमला जातो, तो सरकारी नोकर असतो. आपण येथील देवळात दर्शनाला जातो तेव्हा पावतीवर देवादाय शाखेचे नाव पाहतो. ते नाव पाहून मला नेहमी आपल्या गोव्याच्या देवस्थानांची आठवण होते.

गोव्यात व्यवस्था निराळी आहे, आणि तिचे मोल आपण ओळखत नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेने सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी व बारदेश येथील देवळे पाडली आणि आपल्या पूर्वजांना देव पाठीवर घेऊन अंत्रुजात यावयास लावले, त्याच सत्तेने पुढे महाजनांसाठी नियमावली लिहिली. १८८६ ची नियमावली, आणि तिच्या जागी ३० मार्च १९३३ ची ६४५ क्रमांकाची. या नियमावलीनुसार देवस्थान हे महाजनांचे. महाजनांचा नोंदणीपट असतो. समिती महाजन निवडतात, दर तीन वर्षांनी. सरकारी प्रशासकाने अंदाजपत्रक पाहायचे, हिशेब तपासायचे, तक्रार ऐकायची. पोर्तुगीज अमदानीत हे काम तालुक्याच्या प्रशासकाकडे होते, गोवा मुक्त झाल्यावर ते मामलेदाराकडे आले. म्हणजे येथेही डोळा आहेच. परंतु तो डोळा दाराबाहेर उभा आहे. आत चौकीवर जो बसतो तो आपला मुखत्यार. रशियात व आपल्याकडे हाच तो फरक.

पण हा फरक टिकेल कशाने? नियमावलीने? माझा कारकुनी अनुभव सांगतो की, नियम कोणालाच वाचवीत नाही. नियमाप्रमाणे वेळेवर लिहिलेली वही वाचविते. रशियात पीटरने गादी मोडली नाही, ती रिकामी ठेवली. रिकामी जागा हेच परक्या सत्तेचे प्रवेशद्वार. आपल्याकडे ज्या देवस्थानात सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही, ज्याचे हिशेब वर्षानुवर्षे सादर होत नाहीत, ज्याचे दोन गट एकमेकांवर दावे लावून बसतात, तेथे प्रशासकाला आत बोलावण्याचे काम महाजनच करतात. मामलेदाराला स्वतःहून देवळात बसण्याची हौस नाही. त्याच्या टेबलावर आपल्या फायलींवाचूनही पुष्कळ काम असते!

म्हणून हैदराबादवासी महाजन कुटुंबांपुढे तीन विनंत्या मांडतो.

पहिली विनंती नोंदणीपटाविषयी. आपण दूर राहतो, पालखीला जातो, अभिषेकाचे पैसे पाठवितो आणि कर्तव्य झाले असे मानतो. घरातील मुलगा वयात आला की त्याचे लग्न ठरविण्याची घाई करतो, पण महाजनांच्या पटावर त्याचे नाव लावण्याचा अर्ज करीत नाही. एक पिढी पटावरून सुटली की पुढच्या पिढीला आपले नाते सिद्ध करण्यासाठी कागद शोधावे लागतात. परंपरेने या पटावर पुरुषांचीच नावे येत आली. माझे नम्र मत असे आहे की, ज्या घरांत देवाचा कुळाचार सुना-लेकींनी जिवंत ठेवला, त्यांना देवस्थानच्या विचारविनिमयात स्थान कसे देता येईल, याचाही विचार महाजनांनी आपण होऊन करावा. न्यायालयाने सांगेपर्यंत थांबणे शोभादायक नाही.

दुसरी विनंती हिशेबाविषयी. समितीने वार्षिक जमाखर्च प्रत्येक महाजन कुटुंबाला, मग ते हैदराबादेत असो की मुंबईत, न मागता पाठवावा. आणि आपण तो वाचावा. वाचून प्रश्न विचारावेत. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. सरकारचा डोळा तपासतो तेव्हा तो संशयाने तपासतो, महाजनाचा डोळा तपासतो तेव्हा तो आपलेपणाने तपासतो. ज्या देवस्थानात शंभर आपले डोळे उघडे आहेत, तेथे परक्या डोळ्याला पाहण्यासारखे काही उरत नाही. नेस्तेरोवची गोष्ट आठवा. एकट्या पाहारेकऱ्यावर भिस्त ठेवली की तोही बिघडतो. पुष्कळांनी मिळून पाहिले तर कोणालाच बिघडावयास सवड मिळत नाही.

तिसरी विनंती सर्वांत कठीण आहे. भांडण झाले तर ते प्रथम देवासमोर बसून मिटविण्याचा यत्न करावा. देवस्थानचा पैसा वकिलांच्या शुल्कात जाणे ही देवाची सेवा नव्हे. आणि जे महाजन नाहीत, पण पिढ्यान्‌पिढ्या देवळात सेवा करीत आले आहेत, वाजंत्री वाजविणारे, दिवट्या धरणारे, फुले देणारे, पालखी वाहणारे, त्यांची गाऱ्हाणी समितीने आधी ऐकावीत. ज्यांचे गाऱ्हाणे महाजन ऐकत नाहीत, ते सरकारदारी जातात, आणि तसे गेल्यास त्यांना दोष देता येत नाही. येथे तेलंगणात वंशपरंपरेचे हक्क कायद्याने गेले, त्यामागे केवळ सरकारचा लोभ होता असे म्हणून आपण सुटू शकत नाही. काही ठिकाणी वंशपरंपरा ही सेवा न राहता मिरास झाली होती, हेही खरे आहे.

कोणी म्हणेल, सरकारची देखरेख मुळीच नको. मी तसे म्हणणार नाही. इंग्रज कंपनीने मद्रास इलाख्यात १८१७ च्या रेग्युलेशनने देवळांची देखरेख आपल्याकडे घेतली, आणि १८६३ च्या कायद्याने ती अंगाबाहेर टाकली. त्यानंतर कित्येक ठिकाणी देवळांच्या जमिनी विश्वस्तांच्याच घरात गेल्या, आणि पुढे लोकांनीच पुन्हा कायद्याची मागणी केली. तात्पर्य, पूर्ण मोकळीक ही जशी घातक, तशीच पूर्ण ताबेदारीही घातक. डोळा असावा, पण तो दाराबाहेर असावा. आणि तो बाहेरच राहावा यासाठी आतल्या माणसाने जागे राहिले पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून देव वाचविला, तेव्हा त्यांच्याजवळ ना नियमावली होती, ना समिती, ना वकील. होती ती फक्त आपण या देवाचे आहोत ही जाणीव. आपल्याला नदी ओलांडायची नाही. आपल्याला एक अर्ज भरायचा आहे, एक सभा गाठायची आहे, एक जमाखर्च वाचायचा आहे. एवढेही आपल्या हातून झाले नाही, तर उद्या देवळाच्या पावतीवर कोणत्या खात्याचे नाव छापले आहे याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

 महाजन मंडळींना सद्बुद्धी, एकोपा आणि आपल्या देवाची सेवा आपल्या हातांनी करण्याचे सामर्थ्य लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

इति शुभं भवतु.